कचऱ्यातलं नाव

आपलं नाव कचऱ्यात सापडलं तेव्हा सत्यशीला पगारेला आधी हसूच आलं. मग तिने चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला, परत घातला, आणि नाव होतं तिथेच होतं. संगमनेरच्या त्या शिक्षणसंस्थेत मेल सर्व्हर सांभाळायला लागून तिला आता इतकी वर्षं झाली होती, की सर्व्हर आणि ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे लोक विसरून गेले होते; मेल आली नाही की म्हणायचे, पगारे मॅडम बंद पडल्या वाटतं. त्या सर्व्हरवर एक चाळण होती. बाहेरून येणारं प्रत्येक पत्र तिच्यातून जायचं, कामाचं पत्र पुढे आणि फालतू पत्र बाजूच्या कचराकप्प्यात. चाळणीला स्वतःची अक्कल नव्हती. तिच्यामागे शब्दांचं एक भलंमोठं कोठार होतं आणि कोठारात प्रत्येक शब्दासमोर एक आकडा. आकडा शून्याकडे झुकला की शब्द सज्जन, एकाकडे झुकला की लफंगा. 'उत्तरपत्रिका' शून्याला टेकलेला, 'लॉटरी' एकाला चिकटलेला. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा 'अहिल्यानगर' हा शब्द नवाकोरा आत आला आणि कुठे बसावं ते न कळलेल्या पाहुण्यासारखा काही दिवस मधोमध उभा राहिला. त्याला सगळ्यात आधी हाताशी धरलं ते 'अहिल्यानगर जिल्ह्यात आपल्या शेतात टॉवर बसवा' म्हणणाऱ्या ठकांनी, आणि बिचारा उगाच बदनाम झाला. तिने एकेक सरकारी पत्र हाताने वाचवून त्याला मार्गी लावलं. हे सगळं तिचं काम. कोणी विचारलं तर ती सांगायची, मी शब्दांना वळण लावते, आणि विचारणारा 'हो का' म्हणून निघून जायचा.

आज तिने ते कोठार उघडलं होतं ते निरोपासाठी. महिनाअखेरीला सर्व्हर बंद होणार, संस्थेची सगळी मेल एका मोठ्या कंपनीकडे जाणार, आणि त्या कंपनीला हिच्या शब्दांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांचा माणूस फोनवर म्हणाला होता, आमच्याकडे सगळं रेडिमेड असतं मॅडम, तुमचं ते डिलीट करून टाका. टाका तर टाका. तिला वाईट वाटलं नाही, किंवा वाईट वाटायला लागते तेवढीही ताकद उरली नव्हती. ती बसायची ती सर्व्हरची खोली पूर्वी केमिस्ट्रीचं सामान ठेवायची होती. अजून भिंतींना आंबूस वास येतो, एसीचं पाणी बादलीत ठिबकतं, आणि खिडकी म्हणावी तर वर एक झरोका आहे, तोही पुठ्ठ्याने बंद केलेला. घर बदलताना रिकाम्या खोल्यांतून उगाच एक फेरी मारावी तशी ती कोठारात फिरत होती. फिरता फिरता मतदारयादीत आपलं नाव बघावं तसं गंमत म्हणून तिने स्वतःचं नाव टाकलं. 'पगारे' ठीक होतं, कारण कोपरगावकडची पगाऱ्यांची मुलं दरवर्षी प्रवेश घेत. 'कारभारी' हे तिच्या वडिलांचं नाव तर मजेत मध्यावर बसलं होतं. अर्ध्या जिल्ह्यात कुणाचा ना कुणाचा बाप-आजा कारभारी असतो, ते नाव वाया घालवणं कुठल्या चाळणीला परवडत नाही. 'सत्यशीला' मात्र संस्थेत ती एकटीच, आणि तिच्यापुढचा आकडा जवळजवळ एक. लॉटरीच्या अगदी शेजारी.

कसं झालं ते समजायला तिला वेळ लागला नाही, तिच्याइतकं त्या यंत्राचं मन ओळखणारं दुसरं होतं कोण. दर महिन्याला ती सगळ्यांना सूचना पाठवायची. पासवर्ड बदला. अनोळखी दुव्यावर बोट ठेवू नका. बँक कधीही मेलवर नंबर विचारत नाही. खाली नाव, सत्यशीला कारभारी पगारे, संगणक विभाग. आणि संस्थेत एक रीत पडून गेली होती: जे वाचायचं नाही ते पुसायचं नाही, त्यावर 'कचरा' हे बटण दाबायचं. पुसण्याच्या बटणावर यंत्र दोनदा विचारतं, नक्की का, नक्की का. कचऱ्याचं बटण काही विचारत नाही, लगेच पत्र दिसेनासं होतं. केरसुणीसारखं सोयीचं. दशक्रियेची पत्रं, मीटिंगची पत्रं, सत्काराची पत्रं, सगळं त्या केरसुणीखाली जायचं, आणि प्रत्येक वेळी यंत्र मुकाट्याने एक धडा शिकायचं. ते बटण यासाठी नाही, अशी एक लांबलचक सूचना तिने पाठवली होती, तीही लोकांनी कचऱ्यात लोटली. बरं, चांगल्या पत्रातून तिचं नाव यावं तर तिला पत्र लिहितं कोण. काम असलं की माणसं दारात येऊन उभी. म्हणजे वर्षानुवर्षं यंत्राने तिचं नाव पाहिलं ते फक्त लोक केर काढताना. संस्थेच्या आतली पत्रं चाळणीतून जात नाहीत, ती सरळ पोचतात, म्हणून कधी काही अडलं नव्हतं. बाहेरून तिच्या नावाचं पत्र आलं तरच चाळण त्याला अडवणार. आणि बाहेरून आपल्या नावाचं पत्र कोण पाठवणार, असा विचार करत असतानाच तिचा हात माऊसवर थांबला, आणि एसीचं पाणी बादलीत पडताना तिला स्पष्ट ऐकू आलं.

बाहेरून पत्र तिनेच पाठवलं होतं. घरच्या पत्त्यावरून. सहसचिव आप्पासाहेबांना, कोपरगावच्या कॉलेजात संगणक विभागाची जागा निघाली होती, ती मला द्यावी, म्हणून. सर्व्हर गेल्यावर इथे तिला काहीतरी काम देतीलच, हजेरीचं नाहीतर फोटोकॉपीचं, पण कोपरगावच्या बाहेर, गोदावरीच्या अलीकडे, तिचं गाव होतं आणि गावात तिची आई बनाबाई एकटी राहत होती. पावसाळा सरता सरता बनाबाई न्हाणीत पाय घसरून पडली. शेजारची लंकाबाई दूध मागायला आली म्हणून कळलं, तोवर म्हातारी ओल्या फरशीवर पडून होती. हाड मोडलं नव्हतं, पण फोनवर लंकाबाई म्हणाली होती, "शीला, म्या आले म्हनून. रोज न्हाई येत म्या." ते 'रोज न्हाई येत म्या' सत्यशीलाच्या छातीत तेव्हापासून रुतून बसलं होतं. आईला संगमनेरला आणायचं म्हणावं तर ती येत नाही. दर उन्हाळ्यात, दर बुद्धपौर्णिमेला तिने विचारून पाहिलं, आणि दर वेळी आई नको म्हणाली. तेव्हा आपणच तिकडे जायचं. हे ठरवायला तिला खूप रात्री लागल्या, आणि अर्ज लिहायला एक दुपार. संस्थेने कागद बंद केले होते, अर्ज मेलवरच. आणि वैयक्तिक अर्ज कार्यालयीन मेलवरून करू नये असं परिपत्रक होतं, जे तिनेच टाईप करून सगळ्यांना पाठवलं होतं. ते परिपत्रक अख्ख्या संस्थेत पाळणारी बहुधा ती एकटीच निघाली.

उत्तर आलं नाही. जिन्यात आप्पासाहेब भेटत, मान हलवत, फोनवर बोलत पुढे जात. पहिल्या आठवड्यात तिने वाट पाहिली, नंतर वाट पाहणं सोडून अर्थ लावायला घेतला. अर्थ लावण्यात ती तरबेज होती. तिचीही एक चाळण होती आणि ती काही उगाच तयार झाली नव्हती. लहानपणी शाळेत पाण्याच्या टाकीपाशी, पुढे शहरात खोली बघत फिरताना आडनाव सांगितल्यानंतर, लग्नाच्या चार वर्षांत सासरच्या ओसरीवर, सगळीकडे तिने एक गोष्ट शिकून घेतली होती: माणसं नाही म्हणत नाहीत, नुसती गप्प बसतात, आणि आपण समजून घ्यायचं असतं. ज्याला ते लवकर समजतं त्याचा अपमान कमी होतो. नवरा एकदा म्हणाला होता, राहायचं तर राहा, नाहीतर जा. तिने बॅग भरली. पुढे त्याच्या बहिणीने सांगितलं की तो दोन दिवस दाराकडे बघत होता. असेलही. पण दाराकडे बघणाऱ्याने हाक मारायची असते, असं तेव्हा तिचं म्हणणं होतं. आताही आप्पासाहेबांच्या गप्प बसण्यातून तिने सगळं वाचून काढलं, आपलं वय, आपली जात, जाणारा सर्व्हर आणि त्याच्याबरोबर जाणारी आपली गरज. वाचून झाल्यावर ती शांत झाली, म्हणजे थकली. आणि ते सगळं वाचणं चुकीचं होतं. समोर पत्रच नव्हतं तर माणूस उत्तर कशाला देईल.

निदान कचराकप्प्यात तरी अर्ज असेल म्हणून तिने तो कप्पा उघडला, आणि उघडता उघडताच तिला आठवलं की तो रिकामा आहे. दर शुक्रवारी दुपारी ती तो कप्पा चाळायची. एकेक पत्र बघायचं, चुकून अडकलेलं असलं तर सोडवायचं, उरलेलं टाकून द्यायचं. कुणी सांगितलं नव्हतं, पगारात ते धरलेलं नव्हतं. कधी एखाद्या मुलीच्या शिष्यवृत्तीचं पत्र निघायचं, कधी कुणाच्या परदेशातल्या मुलाने बापाला लिहिलेलं. वडिलांकडून आलं असावं ते तिच्यात. कारभारी पगारे साखर कारखान्याच्या गेटवर होते. हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग, टेपचा दणदणाट, मळीचा वास, आणि त्यात खाकी शर्टातला हा किडकिडीत माणूस दांड्याशी उभा. ती डबा घेऊन जायची. "आत कुनाला सोडायचं ते सायब ठरिवत्यात," ते म्हणायचे, "आपन फकस्त दांडा वर-खाली करायचा. पर मानूस गेटावर हुबा ऱ्हायला तर 'कोन पायजे' येवडं तरी इचारावं. न इचारता हाकलू ने." तिने इतकी वर्षं विचारलं होतं. अर्ज पाठवला त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी मात्र तिच्याने झालं नाही. त्या दिवशी सकाळी नव्या कंपनीचा फोन येऊन गेला होता, डोळे चुरचुरत होते, आणि कप्प्यात हजारोंनी पत्रं साचली होती. आता कशाला, असं वाटलं. तिने सगळी एकदम निवडली आणि पुसून टाकली. यंत्राने दोनदा विचारलं, नक्की का, नक्की का. ती दोन्ही वेळा हो म्हणाली होती.

ती तशीच बसून असताना हेडक्लार्क गोरक्ष दारात आला. गोरक्ष खोलीत कधी शिरत नसे, त्याला एसीने सर्दी होते. "मॅडम, बंद करायच्या सामानाच्या कागदावर तुमची सही राह्यलीय," तो म्हणाला. संस्थेने कागद बंद केले होते तरी गोरक्षने केले नव्हते. ती सही करत असताना तो पुढे म्हणाला, "कोपरगावची ऑर्डर निघतीय आज. तुमी का न्हाई ओ अर्ज टाकला? आमी समदे म्हनत हुतो, मॅडमचं घरच हाय तिकडं."

"सही झाली का त्यावर?" तिने विचारलं.

"ते न्हाई म्हाईत. फाइल वर हाय."

वर म्हणजे आप्पासाहेबांच्या खोलीत. जिना चढताना तिच्या गुडघ्यांना कळत होतं की इतक्या वर्षांत आपण या जिन्यावरून स्वतःसाठी काही मागायला कधी चढलो नाही. आप्पासाहेबांनी तिला बघून फाइल मिटली. साठीचे, केसांना कलप, बोलायला मऊ. "या, पगारे मॅडम. बसा. चहा घ्या."

"नको सर."

"घ्या हो. अर्धा अर्धा."

"नको, आत्ताच झाला."

"आत्ता झाला तर काय झालं, चहाला काही वेळ असते का," म्हणत त्यांनी बेल दाबलीसुद्धा. चहा आला, ती प्यायली. मग तिने कप खाली ठेवून सांगितलं, जागेचं. आप्पासाहेब तिच्याकडे बघतच राहिले. "अहो, काल संध्याकाळी सही केली मी. लॅबमधला एक जण जातोय. मी गोरक्षला दोनदा म्हटलं, पगारे मॅडमचा अर्ज आला का बघ. नाही म्हणाला."

"तुम्ही मलाच विचारायचं होतं, सर."

"मी विचारलं असतं तर तुम्हाला नाही म्हणता आलं असतं का? सहसचिवाने विचारलं म्हणजे बदली झालीच, असं लोक धरतात." यात खोटं काही नव्हतं.

"अर्ज केला होता मी. कचऱ्यात गेला."

"कुणी टाकला?"

"मीच."

ते हसले, तिलाही थोडं हसावं लागलं. मग ते गंभीर झाले, फाइलवर बोटं वाजवली. "काढलेली ऑर्डर फिरवायची म्हणजे जरा कटकट आहे. आज बाहेर जायची आहे ती. तरी बघू का काही करून?"

"नको सर. राहू द्या," सत्यशीला म्हणाली.

"बरं," आप्पासाहेब म्हणाले, आणि फाइल ट्रेमध्ये ठेवली. चहासाठी तीनदा म्हणणारा माणूस इथे एकदाच म्हणाला आणि थांबला. जिना उतरताना मधल्या वळणावर ती कठड्याला धरून उभी राहिली. आपल्याला ते 'नको' म्हणायचं नव्हतं, हे तिला तिथे कळलं. त्यांनी अजून एकदा विचारावं म्हणून आपण ते म्हणालो होतो. मग परत वर जाऊन सांगावं, सर, बघा काही करून. दोन पायऱ्या ती वर चढलीही. तेवढ्यात वरून गोरक्ष फाइल घेऊन उतरला, तिच्या बाजूने गेला, आणि तिने सवयीने त्याला वाट दिली.

मागच्या अंगणात सायकल स्टँडजवळ कडुनिंबाखाली एक दगडी ओटा आहे, त्यावर बसून तिने आईला फोन लावला. नाशिक-पुणे रस्त्यावरच्या ट्रकांचा आवाज येत होता. का लावला, ते तिला सांगता आलं नसतं. या वेळी ती कधी फोन करत नसे. तिकडे बराच वेळ रिंग वाजली, मग खडखड, मग बनाबाईचा मोठा आवाज.

"शीला? काय झालं?"

"काही नाही. कोपरगावला बदली मागितली होती. ती नाही झाली."

"कुनी मागितली हुती?"

"मी."

"मला कुटं सांगितलं तू?"

खरंच कुठे सांगितलं होतं. ऑर्डर हातात पडली की सांगू, असं ठरवलं होतं तिने. "नक्की नव्हतं म्हणून नाही सांगितलं," ती म्हणाली, आणि मग तिला थांबता आलं नाही. "तू पडलीस आई. लंकाबाई रोज येत नाही. तू इकडे यायला नको म्हणतेस, म्हणून मीच तिकडे येणार होते."

"म्या कवा नको म्हनले?" बनाबाई म्हणाली.

"दर वेळी म्हणतेस. दर वर्षी विचारते मी."

"इचारतीस की. येकडाव इचारतीस. म्या नको म्हनले की लगीच 'बरं' म्हनून फोन ठिवतीस." बनाबाईच्या आवाजात राग नव्हता, खूप दिवस गिळलेलं काहीतरी होतं. "लेकीच्या घरी ऱ्हायला मानूस पयल्या झटक्यात व्हय म्हनतं का गं? तुज्या बापानं कुनाच्या ताटावर दोनदा नको म्हनल्याबिगर घास खाल्ला न्हाई. मला वाटायचं, हिला जड जात आसंल. म्हनून येकदाच इचारती, तोंडदेखलं."

दर वर्षीचा तो एकेक फोन सत्यशीलाच्या कानात परत वाजत होता. ये ना आई. नको बाई. बरं. ये ना आई. नको बाई. बरं. आईला त्रास नको म्हणून ती ओढून धरत नव्हती, निदान आजवर तिची तशी समजूत होती. आईच्या एका शब्दावर ती आकडा टाकून मोकळी झाली होती, आणि आई तिच्या एका शब्दावर. दोघी एकीमेकीच्या दाराशी उभ्या राहून थकून गेल्या होत्या. तिला एकाएकी इतकी दया आली, आईची की स्वतःची ते कळेना, पण आली.

"आई, ये इकडे," ती म्हणाली. "माझ्याकडे राहा."

"नको बाई. कशाला तुला तरास."

'बरं' जिभेवर आलं होतं. इतक्या वर्षांची वहिवाट होती त्याची. तिने ते तिथेच धरलं. "ये ना."

"माजं सामान लई हाय. पेटी हाय, जातं हाय."

"टेम्पो करू."

"लंकी येकटी पडंल."

"तिला पण आण चार दिवस. ये आई. मला तू इथे हवी आहेस."

हे वाक्य ती आयुष्यात कुणालाही म्हणाली नव्हती. बोलून गेल्यावर तिचे कान गरम झाले. तिकडून घसा साफ केल्याचा आवाज आला, आणि म्हातारी अगदी व्यवहाराच्या सुरात म्हणाली, "तुज्या घरात ऊन येतं का? पडल्याधरनं मला दुपारच्याला गुडघ्यावर ऊन लागतं घ्यायला. त्याबिगर चालता येत न्हाई."

सत्यशीलाने आठवून पाहिलं. दोन खोल्या, वरचा मजला, स्वयंपाकघराची खिडकी मागच्या बोळाकडे, पुढे एक अरुंद गॅलरी. सकाळी ती दिवा लावून डबा भरते आणि निघते. परत येते तेव्हा दिवे लागलेले असतात. रविवारी पडदे ओढून झोपते. इतकी वर्षं राहत होती त्या घरात. "माहीत नाही," ती म्हणाली. "दुपारची मी घरी नसतेच."

"मंग बघून सांग," बनाबाई म्हणाली आणि फोन ठेवला.

सत्यशीला ओट्यावरून उठली. खोलीत सर्व्हर घुमत होता, कोठार पडद्यावर उघडंच होतं, 'सत्यशीला' हा शब्द लॉटरीच्या शेजारी तसाच बसला होता. मनात आणलं असतं तर अर्ध्या तासात तिने त्याला मार्गी लावलं असतं. तिने पर्स घेतली. दारात गोरक्ष भेटला, म्हणाला, "मॅडम, इतक्या लवकर? बरं न्हाई का?"

"बरी आहे," ती म्हणाली. "घरी जाऊन येते. ऊन बघायचंय."

गोरक्षला काही कळलं नाही, पण त्याने बाजूला होऊन वाट दिली. ती भरभर चालत निघाली, कारण दुपार कलायला लागली होती.